५२ हजार ठरले, ८० हजार घेतले, दोन खोकी गायब: सामान हलवणाऱ्यांच्या बाबतीत माझं झालं ते तुमचं होऊ नये

ठरले होते ५२,००० रुपये. घेतले ८०,०००. नग दिले होते ४७, पोचले ४५. चार दिवसांत येणारं सामान एकविसाव्या दिवशी आलं, तेही भिजून. एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हे लिहिताना लाज वाटते. घरचे म्हणतात, कशाला चारचौघांत सांगतेस. पण मे महिना आला की मुंबई-पुण्याकडून, विदर्भातून निवृत्त होऊन कोकणात परतणारी माझ्यासारखी कितीतरी माणसं घर आवरायला घेतात. त्यांच्यासाठी सांगते.

नागपूरचा फ्लॅट भाड्याचा होता, तो ३१ मेपर्यंत सोडायचा होता. हे दीड महिना आधीच रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जाऊन बसले होते, कारण पावसाआधी कौलं उतरवून रीपा बदलून घ्यायच्या होत्या. नागपुरात मी एकटी. धाकट्या दिरांनी फोनवर सांगितलं होतं, "वहिनी, आंब्याची गाडी नागपूरला उतरून रिकामीच परत येते, तीच भरून आणू. ओळखीचा ड्रायव्हर आहे, ३४,००० घेईल." मी नको म्हटलं. आंब्याच्या गाडीत फ्रिज-टीव्ही कोण बांधून देणार, असं मला वाटलं. हे वाटणं चूक नव्हतं, आजही मी तेच म्हणेन. वस्तू नीट बांधून हव्यात म्हणून कुणी चार पैसे जास्त मोजले तर त्याला लोभी म्हणत नाहीत.

इंटरनेटवर चौकशी टाकली आणि दहा मिनिटांत सात फोन. हा प्रकार तुम्हाला माहीत असेलच. त्यातल्या एकाचं नाव एका जुन्या, मोठ्या कंपनीसारखं, फक्त पुढे एक शब्द जास्त. तो शब्द मी शाखेचा समजले. बोलणारा मुलगा मराठी, नम्र, "काकू, माझी आजी सावंतवाडीची" म्हणणारा. बांधणी, चढवणं, उतरवणं, कर सगळं धरून ४६,०००. सामानाची किंमत २ लाख धरून त्यावर ३ टक्के विमा, म्हणजे ६,०००. पॉलिसी मागितली तर म्हणाला, ती क्लेमच्या वेळी निघते. विमा कंपनीकडून पॉलिसी नंबर हातात आल्याशिवाय विम्याच्या नावाने एक रुपया देऊ नका. तो विमा नसतो. पुढे मला त्यांनीच सांगितलं, "मॅडम, वो इन्शुरन्स नहीं, रिस्क चार्ज था."

बुकिंगला ५,००० दिले. २० मेला गाडी आली. गाडीवर कंपनीचं नाव नाही. हमालांनी काम मात्र चांगलं केलं, हे कबूल करते. बबल रॅप, पुठ्ठे, सगळं. मी स्वतः मार्करने प्रत्येक खोक्यावर नंबर घातले, १ ते ४७, आणि कुठल्यात काय ते वहीत लिहिलं.

चार वाजता त्यांच्या माणसाने बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, पुढे केली. त्यावर छापलेलं नाव वेगळंच होतं. मालाच्या रकान्यात "घरगुती सामान, अंदाजे ४५ नग". मी म्हटलं, अहो ४७ आहेत, आणि अंदाजे कशाला? तो म्हणाला, सगळ्यांचं असंच लिहितात. मग २१,००० साठी त्याने मोबाइलवर क्यूआर दाखवला. मी स्कॅन केला. पडद्यावर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, बिल्टीवरचंही नव्हतं. कुणा तिसऱ्याच माणसाचं होतं. मी ते वाचलं. मला समजलंही. पाच-दहा सेकंद अंगठा तसाच होता. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं, तर घरमालक किल्ल्यांसाठी खाली थांबलेत, गॅसचा सिलिंडर परत गेलाय, घरात बसायला खुर्ची उरलेली नाही, रात्रीची गाडी पकडायची आहे, आणि सगळा संसार त्या ट्रकमध्ये चढलाय. आता "नाही" म्हटलं तर हे सामान रस्त्यावर उतरवून जातील. मी पिन टाकला.

तीन नावं, तीनही वेगळी, एकाच संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर. मुलांच्या वहीतली एका अंकाची चूक पकडणारी मी, ते बघून गप्प बसले. ही मंडळी पैसे मुद्दाम गाडी भरल्यावरच मागतात, हे लक्षात ठेवा. खातं कुणाच्या नावावर आहे ते आदल्या दिवशीच विचारा. नाव वेगळं निघालं तर गाडी भरूच देऊ नका.

२४ मेपर्यंत सामान यायचं होतं. आलं नाही. त्या वर्षी, २०२५ ला, पाऊस किती लवकर आला ते आठवत असेल, २६ मेला तर मुंबईतसुद्धा मोसमी पाऊस पोचला. त्याच दिवशी फोन आला, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे उतरणारा आंबा घाट बंद आहे, गाडी कोल्हापूरजवळ गोडाऊनला लावली आहे. यांनी स्टँडवर विचारलं. कोल्हापूरची सकाळची एसटी वेळेवर आली होती. हे सांगितल्यावर सूर बदलला. वजन जास्त भरलंय, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) नाही, दंड लागेल, १८,५०० पाठवा. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, नियमांत तशी सूट आहे. हे मला नंतर कळलं. तुम्ही आत्ताच वाचून ठेवा.

आम्ही नकार दिला तर २९ मेपासून रोज ५०० रुपये गोडाऊनभाडं सुरू झालं. नंतर फोन बंद. ८ जूनला हे म्हणाले, देऊन टाक. बाकीचे २६,०००, वरचे १८,५०० आणि ११ दिवसांचे ५,५०० असे ५०,००० त्या दिवशी गेले. सामान ताब्यात असलेल्या माणसाशी तत्त्वावर भांडता येत नाही. आम्हाला भित्रं म्हणणाऱ्यांनी आधी तेरा दिवस रिकाम्या घरात चटईवर झोपून बघावं.

१० जूनला, वटपौर्णिमेच्या दिवशी, दुसरीच गाडी आली. ड्रायव्हरला कंपनी ठाऊक नाही, त्याला वाटेत भाडं मिळालेलं. ताडपत्री फाटकी. पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरवायचे ४,००० वेगळे म्हणाला, नाहीतर परत नेतो. दिले. तरी निम्मं सामान दिरांनी आणि वाडीतल्या मुलांनीच पावसात डोक्यावरून आणलं. कपाटाचं प्लायवुड फुगलेलं, टीव्हीची काच तडकलेली. १२ आणि ३१ नंबरची खोकी नव्हतीच. बारामध्ये सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ आणि समया. एकतीसमध्ये यांच्या नोकरीची आणि पेन्शनची कागदपत्रं. कागदपत्रं, दागिने, औषधं ट्रकमध्ये घालू नका हो. पिशवीत घेऊन मांडीवर ठेवा.

आता तक्रारीचं ऐका. गावाकडच्या पोलिसांनी सांगितलं, गाडी नागपुरात भरली, तिकडे द्या. नागपुरात फोन केला तर म्हणाले, सामान कोल्हापूरकडे अडवलं, त्या हद्दीत जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. मी त्याचा छापील कागद घेऊन गेले. साहेबांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हा दिवाणी मामला आहे, तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत ना?" सामान अडवून पैसे उकळणं दिवाणी कधीपासून झालं? मग खंडणी कशाला म्हणतात? चार फेऱ्या, दर फेरीला दोन एसटी आणि एक रिक्षा, आणि हातात एक अदखलपात्र नोंद, म्हणजे जिच्यावर पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर म्हणाले, हा सायबर गुन्हा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, कंपनीने उत्तर दिलं नाही म्हणून ती बंद झाली. म्हणजे ज्याने उत्तर दिलं नाही तो सुटला.

रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, नाहीतर पुढे दावाच करता येत नाही. हे मला पोलिसांनी सांगितलं नाही, हेल्पलाइननेही नाही. एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. जुलैत नोटीस धाडली, ती पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. तो लखोटा न फोडता जपून ठेवलाय, तुम्हीही तसाच ठेवा. ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ती मी केली आहे. पण समोरच्याला नोटीस लागू व्हायला त्याचा खरा पत्ता हवा, आणि तो शोधायचं काम फसलेल्या माणसाचं.

बिल्टीवर नागपूरच्या एका गाळ्याचा नंबर आहे. तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे, असं माझ्या जुन्या शेजारणीने जाऊन बघून सांगितलं. गाळ्याच्या मालकाकडे भाडेकरार असणार. पुढच्या महिन्यात मी स्वतः जाऊन तो मागणार आहे.