हातावरची मेडुसा : नऊ महिन्यांनंतर

गेल्या डिसेंबरात मी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटे वर, ग्रीक पुराणकथेतल्या, केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाचे मुख गोंदवून घेतले. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या अनेक स्त्रिया हे चित्र निवडतात आणि मीही त्यांपैकीच एक आहे. त्याहून अधिक तपशील येथे देणार नाही.

जन्मभर अंगावर राहणाऱ्या चित्राची कथा आधी नीट वाचली. रोमन कवी ओव्हिड याने इ. स. 8 च्या सुमारास लिहिलेल्या काव्यात समुद्रदेव नेपच्यून मिनर्व्हाच्या देवळात मेडुसावर बळजबरी करतो आणि देवी शिक्षा मात्र तिलाच करते : तिच्या केसांचे साप होतात. त्याहून कितीतरी जुन्या हेसिअडच्या ग्रीक काव्यात ना देऊळ आहे, ना शाप. म्हणजे आम्ही ज्या अर्थाने मेडुसा गोंदवतो, तो अर्थ नंतरचा आहे. मला त्याचे वाईट वाटले नाही. अहल्येची कथा तरी आपल्याकडे कुठे एकसारखी सांगतात? मला भावले ते पुढचे. वीर पर्सियसने तोडलेले तेच मुख अथेनाच्या (मिनर्व्हाचेच ग्रीक नाव) कवचावर बसते आणि अरिष्ट दूर राहावे म्हणून ग्रीक लोक ते ढालींवर व देवळांवर कोरत. मुलाने बापाच्या आज्ञेवरून आईचे शिर उडवल्याची कथा ऐकत मी वाढले आणि माहूरगडावर रेणुकेच्या मुखापुढेच आमचे घर हात जोडते, त्यामुळे हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

स्टुडिओ पुण्यात डेक्कनच्या बाजूला होता. नाव देत नाही. स्वच्छतेबद्दल तक्रार नाही, सुया माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढल्या. तक्रार आहे ती वेगळी. रेघा ओढायला लागताना कलाकाराने न विचारता माझे मनगट धरून टेबलावर दाबले आणि त्या क्षणी ओव्हिड, अथेना, रेणुका यांपैकी काहीही उरले नाही, फक्त घशाला कोरड पडली. मी ‘थांबा’ म्हणाले. तो थांबला, मशीन बंद केले, मात्र घड्याळाकडे पाहायला विसरला नाही. दुसऱ्या वेळी मैत्रीण बरोबर होती आणि हात लावण्यापूर्वी विचारायचे, हे आधीच ठरवून घेतले होते. त्या दोन तासांत मी पाच वेळा थांबायला सांगितले. शेवटच्या दोन वेळा दुखत नव्हते, थांबतो की नाही ते पाहायचे होते. या साऱ्या खटाटोपात मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा हीच.

खपली दोन-तीन आठवड्यांत गेली. मनगटाकडच्या दोन सापांच्या रेघा मात्र फाकल्या आहेत आणि ते आता एकच जाडसर साप दिसतात. मुख माझ्याकडे तोंड करून हवे होते. कलाकाराने पद्धत सांगून ते बाहेरच्यांना सरळ दिसेल असे काढले. मला ते उलटे दिसते, याचा पहिले तीन महिने राग येत असे. नंतर लक्षात आले की देवळाच्या दारावरचे कीर्तिमुखही गाभाऱ्याकडे पाहत नाही.

झोप सुधारली ती समुपदेशनामुळे, मेडुसामुळे नव्हे. स्वप्ने अजून पडतात. पीएमपीच्या बसमध्ये शेजारची बाई ‘नागोबा का?’ विचारते, तेव्हा मी ‘हो’ म्हणते. कोणाला काय सांगायचे, हे आता मी ठरवते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा भांडी घासता घासता ओला हात माझ्या हाताशेजारी धरला. त्यांच्या हातावर हिरवट पडलेले तुळशीवृंदावन आहे.

“मेल्यावर एवढंच संगं येतं, ताई. लई दुखलं का?”

“दुखलं.”

“मला तर चौघींनी दाबून धरलं होतं. सात वर्षांची होते. तुम्हाला कोणी धरलं?”

“पहिल्या वेळी धरलं होतं,” मी म्हणाले. “दुसऱ्या वेळी नाही.”