पडद्यामागचे सभागृह: विद्यापीठातील नव्या संगीतगृहाचा अनुभव

व्याख्यान, समूहगान आणि ध्वनिवर्धकावरचे जॅझ या तिन्हींसाठी एकच वास्तू वापरण्याचा प्रयत्न बहुधा तिन्हींचा विचका करतो. एका विद्यापीठाच्या नव्या संगीतगृहात लागोपाठ तीन संध्याकाळी बसल्यावर मात्र हा प्रयत्न बराचसा साधला आहे, असे मला वाटले.

पहिल्या संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या विसरभोळेपणामुळे आयताच एक प्रयोग घडला. व्याख्यान सुरू होऊन दहा मिनिटे झाली तरी भिंतींवरचे जाड लोकरी पडदे वरच गुंडाळलेले होते, त्यामुळे प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडत होती. मग मोटारींची बारीक घरघर झाली, पडदे उतरू लागले आणि वक्त्याने आवाज तसूभरही न चढवता त्याची अक्षरे सुटी ऐकू येऊ लागली.

आवाज साठ डेसिबलने विरायला लागणारा वेळ, म्हणजे निनादकाल, भाषणासाठी सुमारे एक सेकंद आणि वाद्यवृंदासाठी सुमारे दोन सेकंद असावा लागतो. तो दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो आणि शोषणाबरोबर घटतो, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डमध्ये १८९५ पासून आसनांच्या गाद्या एका व्याख्यानगृहात मांडून आणि काढून सिद्ध केले. पडदे घुमारा फक्त कमी करू शकतात. मुळात नसलेला घुमारा ते कुठून आणणार? म्हणूनच इथल्या वास्तुविशारदाने खर्च सोसून छत उंच ठेवले, हा मला या रचनेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. दुसऱ्या संध्याकाळी समूहगानाचा शेवटचा स्वर थांबल्यावर संचालकाचा हात वरच राहिला होता, स्वर छताशी रेंगाळत विरला आणि त्यानंतरच्या शांततेत वातानुकूलनाची कुजबुजही नव्हती.

तिसरी संध्याकाळ जॅझची होती आणि तिथे उणीव उघडी पडली. झांजा स्वच्छ वाजत होत्या, पण बास गिटार आणि मोठा ड्रम यांचा नुसता गदारोळ होत होता. कारण सरळ आहे: शंभर हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, त्यामुळे तो शोषायचा तर कापड भिंतीपासून त्याच्या चतुर्थांश, म्हणजे साधारण ८५ सेंटिमीटर दूर हवे, आणि इथले पडदे भिंतीला जवळजवळ चिकटून लोंबतात. खर्जासाठी मागे पोकळी असलेले पातळ लाकडी फलक बसवले असते, तर कापडाला न झेपणारे हे काम त्यांनी केले असते.

तिकीट काढताना सज्जाखालच्या अगदी मागच्या रांगा टाळाव्यात. सज्जा इतका खोल आहे की छताकडचा निनाद तिथवर पोहोचतच नाही आणि शेजारच्या खोलीतले गाणे दारातून ऐकल्यासारखे वाटते.