शास्त्राचा अर्थ कोणी लावायचा?

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या कॅथलिक चर्चमध्ये वाढलेल्या भाचीचे लग्न शरणपूरच्या प्रोटेस्टंट घरात ठरले असून, कोणता मार्ग धरावा हे तिला सुचत नाही.

कॅथलिकांत 73 पुस्तकांच्या बायबलचा अधिकृत अर्थ पोप व बिशप ठरवतात. प्रोटेस्टंट 66 पुस्तके मानतात आणि शास्त्रालाच, म्हणजे बायबललाच, अंतिम प्रमाण समजतात, मात्र त्यांच्याकडेही धर्ममतपत्रके (श्रद्धेची लेखी विधाने), धर्मसभा आणि पाळक असतातच, हे सहसा विसरले जाते. एकवाक्यतेत पहिला मार्ग सरस आहे, कारण 1529 मध्येच जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली या प्रोटेस्टंट सुधारकांचे प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या) अर्थावरून जुळले नाही. चूक दाखवण्याची मोकळीक दुसऱ्यात अधिक, पण वाचनाचे श्रमही अधिक.

परंपरेचा आधार हवा असणाऱ्यास पहिला मार्ग मानवेल. भाष्ये पडताळून मतभेद सोसण्याची तयारी असणाऱ्यास दुसरा.