सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांसाठी ऑक्सफर्डचा ऑनलाइन कोश

कर्जाचा ‘डेट’ आणि तारखेचा ‘डेट’ देवनागरीत लिहिले की एकच दिसतात. ‘टेस्ट’, ‘सेल’, ‘वेट’ यांचंही तसंच. इंग्रजीत एकातला ए आखूड, दुसऱ्यातला लांब आणि शेवटी ‘इ’कडे वळणारा, आपल्याकडे दोघांना मिळून एकच मात्रा. त्यामुळे उच्चार देवनागरीत छापणारा कोश कितीही चांगला असला तरी इथे अडतो. ‘ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज’ ही वेबसाइट फुकट आहे, ऐकवते, आणि या कामासाठी सगळ्यात आधी तीच सुचवावीशी वाटते.

शब्द शोधला की दोन स्पीकर दिसतात: निळा ब्रिटिश, लाल अमेरिकन. सुरुवातीला निळाच धरून राहा. अमेरिकन उच्चारात ‘रायटर’ आणि ‘रायडर’ जवळजवळ एक होतात. ‘कॅन’ आणि त्याच्या नकारार्थी रूपातला स्वरही सारखाच असतो. ब्रिटिश ‘कान्ट’ लगेच वेगळा कळतो. शेजारच्या उच्चारचिन्हांपैकी आधी दोनच खुणा शिका: विसर्गासारखी दोन टिंबं म्हणजे आधीचा स्वर लांब, आणि वरची छोटी उभी रेघ म्हणजे पुढच्या अवयवावर (शब्दाच्या तुकड्यावर, सिलेबलवर) जोर.

टिंबांचा उपयोग मराठी माणसाला विशेष होतो. मराठीत ‘फूल’, ‘ऊन’, ‘गरीब’ यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असतं, आणि तीच सवय इंग्रजीत जाते. मग ‘टँक फुल करा’मधला ‘फुल’ मूर्खाच्या ‘फूल’सारखा होतो, जहाजाच्या ‘शिप’ची मेंढी, म्हणजे ‘शीप’, होते. नुसता स्वर आखूड करून भागत नाही. ऱ्हस्वात जीभ आणि ओठ सैल राहतात. म्हणूनच कोशात दोन्हींची चिन्हंही वेगळी आहेत.

व्ही आणि डब्ल्यूच्या बाबतीत मात्र साइट कमी पडते. मराठी ‘व’ दोघांच्या मधला, त्यामुळे बनियनचा ‘वेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’ पुन्हा पुन्हा ऐकूनही कानाला एकच वाटतात. तोंड कसं ठेवायचं ते शब्दाच्या पानावर दिसत नाही. आरसा घ्या: व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकून हवा घासत गेली पाहिजे, डब्ल्यूला ओठांचा चंबू झाला पाहिजे आणि दात कुठेच टेकता कामा नयेत. तोंडाला फरक जमला की कानालाही हळूहळू कळू लागतो.

उच्चार अगदी एकच असेल तर ऐकून उपयोग नाही, तिथे स्पेलिंगच पाहावं लागतं. दुकानांच्या पाट्यांवर चुकणारा ‘स्टेशनरी’ हा त्यातलाच: वह्या-पेनांचा ‘ई-आर-वाय’ने संपतो, ‘स्थिर’ अर्थाचा ‘ए-आर-वाय’ने. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’साठी ‘विच वर्ड’ नावाची चौकट आहे, तीही वाचा. पहिला बहुधा क्रियापद, दुसरा बहुधा नाम. ‘औषधाचा इफेक्ट झाला नाही’ हे आपण बरोबरच म्हणतो.

एक खबरदारी. ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दाचं नाम आणि क्रियापद वेगवेगळ्या पानांवर असतं. नामात जोर पहिल्या अवयवावर, क्रियापदात दुसऱ्या. घाईत भलत्याच पानाचा स्पीकर दाबला जातो, म्हणून शब्दाखाली नाम लिहिलंय की क्रियापद, ते आधी पाहा.

जाहिराती आहेत, मराठी अर्थ नाहीत. दोन शब्द शेजारी ठेवून ऐकायची सोय नसल्याने दोन टॅब उघडून आलटून पालटून दाबावं लागतं. मोठी उणीव म्हणजे शब्द सुटेच ऐकू येतात, वाक्यात नाहीत. ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी, ‘थर्टी’मध्ये सुरुवातीला, हे कोश नीट ऐकवतो, पण पुढे नाम आलं, म्हणजे ‘तेरा माणसं’ म्हटलं, की ‘थर्टीन’चा जोरही सुरुवातीला सरकतो आणि फोनवर तेरा-तीसचा घोळ तिथेच होतो. अशा वेळी फक्त शेवटचा ‘न’ ऐकायचा. वाक्यांत सराव हवा असेल तर लाँगमनच्या ऑनलाइन कोशात उदाहरणांनाही आवाज आहे, आणि ‘यूग्लिश’वर तोच शब्द यूट्यूबवरच्या वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून, वेग कमी करूनही ऐकता येतो.