नवे प्रगतिपुस्तक: दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत दुसरीत शिकते. यंदा जूनपासून शाळेने गुणांचे एकपानी पत्रक बंद करून अनेक पानांचे सर्वांगीण प्रगतिपुस्तक सुरू केले आणि मार्चअखेरपर्यंत ते तीनदा आमची सही घेऊन गेले.

शिक्षकांच्या मूल्यमापनाला मुलाच्या स्वतःच्या आणि सोबत्यांच्या मूल्यमापनाची जोड द्यावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. मूळ विचार मात्र जुना आहे, कारण मुलाला काय समजले आणि ते त्याला वापरता येते का, हे सातत्याने पाहावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलमही सांगते.

चतुर्थीच्या सुट्टीपूर्वी आलेल्या पहिल्या पुस्तकात जवळजवळ सगळ्या खुणा मधल्या रकान्यात होत्या. ‘बोधात्मक विकास’ (म्हणजे समजण्याची आणि विचार करण्याची वाढ) या शीर्षकाखालची खूण मी सासूबाईंना समजावून सांगू लागले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “पण पोर पास झाली की नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

दिवाळीच्या वेळी मात्र गणिताच्या रकान्याखाली बाईंनी हाताने लिहिले होते, की हातच्याच्या वजाबाकीत ती वरचा-खालचा अंक न पाहता मोठ्यातून लहान वजा करते, त्यामुळे ५२ मधून २७ गेले की ३५ उरतात असे लिहिते. पहिलीत तिला गणितात २५ पैकी १८ गुण होते आणि आम्ही समाधानी होतो. ते सात गुण कुठे गेले, हे त्या पत्रकाने कधीच सांगितले नव्हते. बाईंचा शेरा वाचून मी माडाच्या हिरांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. ५२ साठी पाच जुड्या आणि दोन सुट्या हीर मांडून, सात काढण्यासाठी एक जुडी सोडावीच लागते, हे तिला स्वतःच्या हातांनी करू दिले. दोन आठवड्यांत चूक थांबली.

मुलांनी भरायच्या पानावर तिने सगळे हसरे चेहरे रंगवले, कारण रडक्या चेहऱ्याला रंग देताना तिला वाईट वाटत होते. मैत्रिणीने मात्र ‘पेन्सिल परत देत नाही’ असे नोंदवले, आणि ते अगदी खरे आहे. पालकांचे पान आम्ही शुक्रवारी रात्री जागून भरले. ते कोणी वाचल्याची खूण पुढच्या पुस्तकात दिसली नाही. शेजारच्या कन्नड भाषक आईला तर छापील मजकुराचा काहीच उपयोग झाला नाही. बाईंनी पाच मिनिटे तोंडी सांगितले, तेवढेच तिच्या हाती लागले.

मार्चमध्ये पुन्हा नुसत्या खुणा आल्या. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळून प्रत्येक मुलाविषयी एवढी पाने भरायची, म्हणजे शेरे आटणारच. पालकसभेत मी विचारले, तेव्हा बाईंनी टेबलाच्या खणातून साधी वही काढली. तिच्यात माझ्या मुलीचे एक पान होते, जूनपासून तारखेवार: कोणता शब्द अडला, कोणती बेरीज जमली, कोणत्या दिवशी ती बोललीच नाही. मी ते तिथेच उभ्याने उतरवून घेतले. येत्या वर्षी प्रगतिपुस्तकाबरोबर त्या पानाची झेरॉक्स मिळावी, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे.