शाडूची मूर्ती घेताय? आधी बैठकीखाली बघा

गंगावेश, शाहूपुरी, बापट कॅम्प. गणपतीची मूर्ती ठरवायची म्हटलं की कोल्हापूरकरांचे पाय याच कुंभारगल्ल्यांकडे वळतात. हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही. नऊ इंच ते एक फूट उंचीची, रंगवलेली घरगुती शाडूमूर्ती पारखायची कशी, जपायची कशी आणि मातीला परत कशी द्यायची, त्याचं आहे. चतुर्थीच्या पूजेला ‘पार्थिव’ पूजा म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीचं, मातीचं. म्हणून मूर्ती सुबक आहे की नाही याच्याही आधी ती पुन्हा माती होणार का, हे बघायला हवं.

‘शाडूची आहे’ एवढ्या शब्दावर मूर्ती उचलू नका. प्राणप्रतिष्ठेआधी ती मातीच असते, तेव्हा संकोच न करता मूर्ती जरा कलती करून बैठकीखालचा बिनरंगाचा भाग बघा. शाडू राखाडी किंवा मातकट दिसतो. प्लास्टर पांढरंफेक असतं, बहुतेकदा आतून पोकळ, आणि कडेला काथ्याचे धागे दिसतात. तिथंच ओलं बोट दहा सेकंद दाबून धरा. शाडू काळपट होऊन बोटाला चिकट गाळ लागतो. प्लास्टर पाणी शोषतं, पण बोट चिकट होत नाही. वजनही सांगून जातं. तेवढ्याच उंचीच्या प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा शाडूची हाताला ठळकपणे जड लागते.

खरी फसगत रंगात होते. माती अस्सल, पण वर तैलरंग किंवा चकचकीत वॉर्निश, अशा मूर्ती बाजारात दिसतात. मग पाणी फक्त बैठकीतून आत शिरतं, माती खालून सुटते आणि रंगाचं कातडं चेहऱ्यासकट तरंगत राहतं. ते दृश्य घरातल्या लहान मुलांना बघवत नाही. मंद, खडूसारखा दिसणारा पाण्याचा रंग घ्या: गेरू, पिवडी, खडू. ओला कापूस पाठीवर हलका फिरवला आणि थोडा रंग उतरला, तर ती मूर्ती चांगली. दागिन्यांचा सोनेरी रंग जितका कमी तितकं बरं.

शाडूचा दोष म्हणजे तडा. जाड पोट सावकाश वाळतं, बारीक मनगट आणि सोंडेचं टोक लवकर. दोन्हींचं आकसणं जुळलं नाही की सांध्यावर रेघ उमटते. श्रावणातल्या दमट हवेत वाळायला दिवस लागतात आणि घाईनं उन्हात ठेवलेली मूर्ती हमखास तडकते. म्हणून नागपंचमीच्या आत नोंदणी करा, आणि अंगाजवळ धरलेला हात किंवा पोटाला टेकलेली सोंड असलेला घाट निवडा. घरी नेताना हाताला धरू नका, बैठकीखाली पाट घ्या. समई मूर्तीपासून दीड-दोन फूट लांब ठेवा. अभिषेक सुपारीवर करा, मूर्तीला दूर्वेनं पाण्याचा थेंब पुरे. गळ्यात जड हारही नको.

विसर्जनात शाडूची मूर्ती पुरेपूर उतरते, अट एवढीच की ती कोरडी असावी. पूर्ण वाळलेली माती पाण्यात पटापट सुटते, कारण पाणी आत शिरताना कोंडलेली हवा बाहेर पडते आणि थर ढासळतात. अर्धवट ओली मूर्ती उलट जास्त वेळ घेते. नऊ इंचाला वीस-पंचवीस लिटरची बादली, फुटाच्या मूर्तीला चाळीस-पन्नास लिटरचा टब. मूर्ती पूर्ण बुडाली पाहिजे आणि काठीनं ढोसू नये. बहुतेक मूर्ती रात्रभरात विरघळतात.

प्लास्टरचं गणित वेगळं. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरतं, म्हणजे तीन किलोच्या मूर्तीला हजार लिटरहून जास्त पाणी लागेल. घरात तशी मूर्ती असेलच, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत आहे: मूर्तीच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचा, अधूनमधून ढवळायचं, साधारण दोन दिवस थांबायचं. खाली खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट उरतं, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट. ते भरपूर पाण्यात मिसळून झाडांना चालतं. अमोनियाचा वास उग्र, त्यामुळे हे गच्चीवर किंवा अंगणातच करा, बंद न्हाणीघरात नको.

शाडू असली तरी नदीत सोडू नका. हजारो घरांची माती एकाच घाटावर पडली की पाणी गढूळ होतं आणि गाळ साचतो. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, लागतात, पाणी थांबतं, आणि तळाशी बसलेलं तिथंच राहतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन येणारी पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आपण सोडलेलं खालची गावं पितात.

घाटावर काहिलीपाशी, म्हणजे विसर्जनासाठी पाणी भरून ठेवलेल्या मोठ्या कढईपाशी, उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांना एक कळकळीची विनंती. समोर आलेली आजी प्रदूषण करायला आलेली नसते, निरोप द्यायला आलेली असते. तिला आरती करू द्या, मूर्ती दोन्ही हातांनी घ्या, तिच्यादेखत तीन वेळा बुडवा आणि मगच बाजूला ठेवा. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून हलवली की देवाला ‘पुनरागमनाय च’ म्हणून निरोप झालेला असतो, मागे उरते ती माती. हे शांतपणे सांगितलं की मूर्तिदान, म्हणजे मूर्ती नदीत न सोडता कार्यकर्त्यांच्या हाती देणं, पटतं. आणि दान घेतलेल्या मूर्ती ट्रॉलीत एकावर एक टाकल्या, तर पुढच्या वर्षी ते घर काहिलीकडे फिरकत नाही.

निर्माल्यातला दोरा, प्लॅस्टिक, जरी आधी काढा. पत्री आणि गौरीच्या डहाळ्या बोटभर चिरून, दुप्पट सुका पाला आणि ओंजळभर माती घालून झाकून ठेवा. दीड-दोन महिन्यांत खत होतं.

बादलीतला गाळ मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. कुंडीतही सगळा घालू नका. शाडूत झाडाला पोसणारं काही नसतं आणि जाड थर वाळला की पाणी मुरत नाही. दोन दिवसांनी वरचं पाणी झाडांना द्या, तरंगणारा रंग काढा, गाळ जुन्या सुती कापडात बांधून निथळू द्या. घट्ट झालेला गोळा ज्या कुंभाराकडून मूर्ती घेतली त्याच्याकडेच परत द्या. त्यात प्लास्टरची भेसळ नाही हे त्यालाच ठाऊक असतं. प्लास्टरचे कण मिसळलेली माती मळताना खरखरते आणि वाळताना फुटते, म्हणून परकी माती कुंभार सहसा घेत नाही. मूर्ती नोंदवतानाच विचारा: ‘माती परत घेणार का?’ हो म्हणणाऱ्याकडे चार पैसे जास्त गेले तरी तिथंच घ्या.