मिलान, कोलोन की बार्सिलोना? एकच भव्य चर्च बघायचं असेल तर

युरोपच्या दहा दिवसांत चार-पाच मोठी चर्चेस कोंबली, की तिसऱ्यापासूनच घरची मंडळी बाहेरच्या बाकावर बसतात आणि ‘तुम्ही या बघून’ म्हणतात. म्हणून निवड घरीच केलेली बरी. सेंट पीटर्सला यात धरत नाही. रोमला जाणारा तिथं जाणारच. (ते रोमचं कॅथेड्रल मात्र नव्हे. कॅथेड्रल म्हणजे बिशपची गादी असलेलं चर्च, बॅसिलिका हा पोपने दिलेला मान. जुन्या गोव्यात से कॅथेड्रल आणि बॉम जेझू बॅसिलिका हाकेच्या अंतरावर आहेत, तिथं हा फरक लगेच कळतो. रोमच्या बिशपची, म्हणजे खुद्द पोपची, गादी लॅटरनच्या सेंट जॉनमध्ये आहे.)

सोयीत जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलचा हात कोणी धरणार नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की ते काळपट धूड समोर उभं. गाडी बदलायला दोन तास असले तरी सामान लॉकरमध्ये टाकून बघून होतं. 1248 साली सुरू झालेलं काम सोळाव्या शतकात थांबलं. अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन पिढ्यान्‌पिढ्या तशीच उभी होती. शेवटी 1880 साली 157 मीटरचे मनोरे पुरे झाले. वर चढायचं तर 533 पायऱ्या, अरुंद गोल जिना आणि लिफ्ट नाही. गुडघे कुरकुरत असतील तर पंढरपूरसारखं कळसदर्शनावर भागवावं.

आत वेदीमागची सोन्याने मढवलेली पेटी मात्र चुकवू नका. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या अस्थी तिच्यात आहेत, अशी श्रद्धा. या अस्थी मूळच्या मिलानच्या. सम्राट बार्बारोसाने शहर जिंकल्यावर 1164 साली त्या कोलोनला नेल्या. मिलानला त्यातला थोडा भाग परत मिळायला विसावं शतक उजाडलं.

पण माझं मत मिलानला, आणि तेही छपरासाठी. इथं कळस लांबून बघायचा नसतो, त्याच्या रानातून चालायचं असतं. 135 सुळके, कोपऱ्याकोपऱ्यात संत, आणि सगळ्यांत वर 108.5 मीटरवर सोनेरी मादोन्निना, म्हणजे मेरीमातेचा पुतळा. 1386 साली काम सुरू झालं. संगमरवर कान्दोल्याच्या खाणीतून तलाव, नदी आणि कालव्यांतून होड्यांनी शहरात आला. छपरासाठी लिफ्टचं तिकीट जिन्यापेक्षा महाग आहे, ते घ्या; तरीही वर थोड्या पायऱ्या आहेतच. आत अंधार वाटतो, पण संत बार्थोलोम्यूचा पुतळा शोधा. अंगावर शाल वाटते ती त्याची स्वतःची सोललेली कातडी आहे. लहान मुलांना आधी सांगून ठेवावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यातसुद्धा.

बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया हे बॅसिलिका, शहराचं कॅथेड्रल जुन्या वस्तीत वेगळं आहे. 1882 पासून बांधकाम चालू आहे, त्यामुळे फोटोत क्रेन येऊ शकते. वास्तुविशारद गाउदी 1926 साली ट्रामखाली सापडून गेला, तळघरात त्याची समाधी आहे. बाहेरून मला ते जरा अतीच वाटतं. आत गेल्यावर बोलती बंद होते: झाडांसारखे फांद्या फुटलेले खांब, सकाळी एका बाजूने निळा-हिरवा उजेड, दुपारनंतर दुसरीकडून केशरी-लाल. तिकीट वेळेनुसार असतं, ते आधीच ऑनलाइन काढा. पैसे बांधकामालाच जातात.

चर्च बघून कंटाळलेलं माणूस सोबत असेल, तर बार्सिलोना. मुलं असतील तर मिलानचं छप्पर, सकाळी लवकर. कोलोनसाठी वेगळा दिवस काढू नका. ॲमस्टरडॅम किंवा फ्रँकफर्टकडे जाताना गाडी तिथं बदलायचं तिकीट काढा.